आमच्या भिंतीवरचं विमान

घर सोडलं त्या सकाळी आईनं मला दोन ठिकाणी पाया पडायला लावलं. आधी देव्हाऱ्यातल्या यमाईच्या टाकाला, मग भिंतीवरच्या फोटोला. फोटोत माझे वडील, म्हणजे आण्णा, लष्करी कपड्यात एका पडलेल्या विमानाशेजारी उभे. मी फोटोपुढं वाकलो तसा बाहेरून आण्णांचा आवाज आला, "देवाच्या पडला न्हवं? मग बास. फोटोच्या काय पडतूस, मी हितं जित्ता उभा हाय की." सोप्यातली माणसं हसली. आण्णा हसले नव्हते, हे मला आता आठवतंय. त्या वेळी मला ते दिसलंसुद्धा नव्हतं.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. आमचं गाव साताऱ्यात, औंधापासून जवळ, पण बाजार आणि सोयरीक सगळी सांगलीकडं, विट्याला. माझे मामा विट्याकडचे, आणि तिकडच्या कितीतरी घरांसारखे गलाईला गेलेले. गलाई म्हणजे सोनारांचं जुनं सोनं-चांदी आटवून, तेजाबात शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या मुलखातली माणसं या कामापायी देशाच्या कोनाकोपऱ्यात जाऊन बसली आहेत. मामा बसले होते पार आसामात, वरच्या अंगाला. मी नववीत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. शाळेत गुरुजी मला उभं करून म्हणायचे, "बापानं शत्रूचं विमान पाडलं आणि ह्यो बघा, ह्याला गणित पाडतंय." वर्ग हसायचा. मीपण हसायचो. दुसरं काय करणार.

एसटी आली तेव्हा आण्णांनी माझी ट्रंक टपावर चढवली, खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "नापास झालास म्हणून धाडत न्हाई तुला. लोकांच्या तोंडाकडं बघत जगू नगंस, म्हणून धाडतोय." मला वाटलं, बापाला माझी लाज वाटते, ती नीट गुंडाळून सांगतोय. तीस वर्षांहून जास्त काळ मी हेच धरून बसलो होतो.

कराडला रेल्वे, मग आणखी दोन गाड्या, आणि पाचव्या दिवशी मामांचं दुकान. दुकान कसलं, सोनारगल्लीतली एक खोली, भट्टी, सोनं आटवायच्या मुशी, तेजाबाच्या बरण्या. पहिला आठवडा माझे डोळे धुरानं सुजलेले होते आणि कानात एकही ओळखीचा शब्द पडत नव्हता. रात्री मामा म्हणायचे, "संपत, रडायचं तर रड गड्या, पण मुशीपाशी नगं, थेंब पडला तर तडकतीया." तेवढ्या एका वाक्यावर मी तिथं टिकलो. मामांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. आता मामा नाहीत. दुकान मी चालवतो, मला 'मराठी दादा' म्हणतात, मी हाटातनं मासे आणतो, बायको भाकरीबरोबर खार, म्हणजे केळीच्या राखेच्या पाण्यातलं इकडचं कालवणही करते, आणि बिहूला माझ्या गळ्यात गामोसा, इकडचा मानाचा पंचा, पडतो. तरी अजून दुकानात कुणी मोठ्यानं बोललं की वाटतं, आता सगळ्यांदेखत उभं करणार.

विमानांचा नाद कसा लागला ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एकदा डोंगराकडचा एक माणूस एक चपटी पट्टी घेऊन आला. चांदी आहे, आटवून द्या म्हणाला. हातात घेतल्याघेतल्याच कळलं, ॲल्युमिनियम. तसं सांगितल्यावर तो चिडला आणि पट्टी तिथंच टाकून गेला. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठोकलेले होते. त्या भागात मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानं डोंगरात पडलेली आहेत, लोक त्यांच्या पत्र्याची भांडीसुद्धा करतात, हे मला ठाऊक होतं. गंमत म्हणून मी पट्टीचा फोटो काढून नेटवर एका ग्रुपवर टाकला. तासाभरात उत्तर आलं: ही पट्टी मालवाहू विमानाच्या दाराजवळची. मी चाट पडलो. हातभर पट्टीवरून अख्खं विमान!

त्या ग्रुपवर हेच चालतं. कुणीतरी जुना, धूसर फोटो टाकतो. लग्नाचा, सहलीचा, पुराचा. मागं कुठंतरी विमानाचा एखादा तुकडा दिसतो, आणि बाकीच्यांनी ओळखायचं, विमान कुठलं. जगभरातली माणसं, बहुतेक म्हातारी. कलकत्त्याचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन, बिश्वासबाबू, यांनी मला हाताला धरून शिकवलं. फोनवर हिंदीत सांगायचे, "संपतजी, शेपूट आधी. मग चाकं. मग खिडक्या. नाव सगळ्यात शेवटी. ज्याला नाव आधी सुचतं तो चुकतो." कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ बघून कस सांगणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी फोटो बघत बसायचो. एकदा एका शाळेच्या सहलीच्या फोटोत पोरांच्या डोक्यावरनं पंखाचं फक्त एक टोक दिसत होतं, वर वळलेलं. मी लिहिलं, प्रेंटिस, शिकाऊ वैमानिकांचं जुनं विमान. बिश्वासबाबूंनी खाली लिहिलं, 'बरोबर.' मी तो एक शब्द कितीदा तरी उघडून बघितला. माझ्या उत्तराखाली 'बरोबर' असं कुणी लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

तुम्ही म्हणाल, मग भिंतीवरचा फोटो इतकी वर्षं का नाही ओळखलास? खरं सांगतो, तो फोटो आहे असं मला कधी वाटलंच नाही. त्याला हार असायचा, काचेवर कुंकू असायचं. दोन-चार वर्षांनी गावी गेलो की हात जोडायचे. देवाच्या टाकावर कुणी कसोटी घासून बघतो का? पासष्टच्या लढाईत आण्णा विमानविरोधी तोफेवर होते, त्यांनी सेबर हे शत्रूचं लढाऊ विमान पाडलं, हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं. आण्णा गेले तेव्हा अख्ख्या गावानं दुकानं बंद ठेवली होती.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावानं, बापूनं, गावाच्या वेशीला कमान बांधायचं मनावर घेतलं. कमानीवर आण्णांचा हाच फोटो, भला मोठा, आणि खाली, 'शत्रूचे विमान पाडणारे वीर हवालदार'. अक्का, माझी थोरली बहीण, सांगलीला, विश्रामबागेत राहते. तिनं फ्रेम सांगलीच्या स्टुडिओत उघडून घेतली, फोटो स्कॅन करून मला धाडला. वर बापूचा आवाजी निरोप: "संप्या, लय इमानं वळखतूस म्हणं. मग ह्या इमानाचं पुरं नाव धाड. सेबर तर हायच, पर फुडं कायतरी नंबर-बिंबर असतोय, त्यो. बोर्डवाला थांबलाय."

दुपार होती. मूस थंड व्हायला ठेवली होती. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि सवयीनं शेपटाकडं गेलो.

सेबरच्या शेपटाचे आडवे पंख बुडाशी असतात, धडाला चिकटून. या विमानाचे वर होते, उभ्या शेपटावर चढवलेले. मला कळलं ते मला कळायला नको होतं. मी फोटो बंद केला. परत उघडला. शेपूट तिथंच. हे मिस्टेअर होतं. फ्रान्सचं विमान. आणि ते शत्रूकडं नव्हतं. आपल्याकडं होतं.

मग नजर कडेला गेली. फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली इतकी वर्षं झाकलेली बोटभर कड आता उघडी पडली होती, आणि तिच्यात शेपटावर रंगवलेले तीन उभे पट्टे दिसत होते. आपल्या विमानांच्या शेपटावर तिरंगा असाच उभ्या पट्ट्यांत रंगवतात, आणि काळ्यापांढऱ्या फोटोतही तो ओळखू येतो हो.

हातातून मोबाईल पडला नाही, आकाश फाटलं नाही. मी उठून भट्टीचं आधीच लावलेलं झाकण पुन्हा लावलं. बायकोनं हाक मारली, मी ओ दिली. पण पुढचा प्रश्न आपोआपच समोर येऊन बसला होता. विमान आपलं. आण्णा आपल्या तोफेवर. मग ते पाडलं कुणी?

चार दिवस घास गिळला नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय. बापूचे निरोप येत होते: "नाव?" "अरं नाव?" शेवटी मी फोटो बिश्वासबाबूंना धाडला, कुणाचा आहे ते न सांगता. त्यांनी दोन दिवस घेतले. मग फोन आला. "संपतजी, चाकं बाहेर आहेत. म्हणजे उतरत होतं, आपल्याच तळावर. गोळीचं भोक मला कुठं दिसत नाही. पण फोटोत जेवढं दिसतं तेवढंच मी सांगणार." शेपटावरचा नंबर अर्धा दिसत होता, त्यावरून त्यांनी जुन्या यादीत विमानही शोधलं होतं. उतरताना कोसळलं, एवढीच नोंद. वैमानिक वाचला नव्हता. तरुण होता. त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं. मग थांबून विचारलं, "शेजारी उभे आहेत ते तुमचे कोण?"

गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. देव त्यांचं भलं करो.

आता माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. गप्प बसून बापूला 'सेबर' एवढं लिहून धाडायचं, म्हणजे ज्या विमानात आपलाच एक पोरगा मेला ते आमच्या वेशीवर शत्रूचं म्हणून टांगलं जाणार, आणि लोक त्याच्यावर गुलाल टाकणार. नाहीतर खरं सांगायचं, आणि मेलेल्या बापाला गावासमोर उभं करायचं, गुरुजी मला करायचे तसं. आई गावातच राहते. तिला रोज त्या वेशीतनं जायचं होतं.

आधी बापूला फोन केला. भित्रा माणूस आधी सोप्या ठिकाणी जातो.

"येडा झालास का रं?" बापू म्हणाला. "नववी नापास तू, आन मोबाईलवर बघून पन्नास वर्साचा इतिहास बदलतूस?"

"बापू, शेपटाचे पंख वर हायत."

"आरं पंख वर असूं देत न्हाईतर खाली! झेंडावंदनाला पयला नारळ कुणाच्या हातनं फुटायचा? आण्णांच्या. पोरं भरतीला जाताना कुणाच्या पाया पडायची? माझा पोरगा आज फौजेत हाय, त्यो का? ह्या फोटोपाय. तू तिकडं लांब बसून मजा बघतूस व्हय?"

"मजा न्हाई, बापू. चार दिस घास गिळला न्हाई."

"मग आता गीळ आन नाव धाड." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला फोन लावला. कसं सुरू करावं कळेना. तब्येत विचारली, म्हशीचं विचारलं. आई म्हणाली, "म्हस बरी हाय. तुझा आवाज बरा न्हाई. काय झालंय?"

मी एका दमात सांगून टाकलं. विमान आपलं होतं. आण्णांनी शत्रूचं पाडलं नव्हतं.

आई म्हणाली, "मला ठाव हाय."

शेपूट बघून बसला होता तो धक्का यापुढं काहीच नव्हता. माझ्या बाजूला कुणी सोनार काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"ते सुट्टीवर आलं तवापास्नं. तू झाला न्हवतास."

मग तिनं सांगितलं. आण्णांच्या तुकडीतला शिराळ्याकडचा एक जवान आधी रजेवर आला होता. त्याच्याजवळ आण्णांनी फोटो दिला होता, घरी पोचव म्हणून. त्यानं तो विट्याच्या बाजारात आमच्या गावच्या माणसांच्या हातात दिला आणि आपली गाडी पकडली. चिठ्ठी नाही, काही नाही. आमचा माणूस तोफेवर, हे गावाला ठाऊक. फोटोत तो उभा, शेजारी विमान आडवं. आणखी काय पाहिजे? त्याच संध्याकाळी हलगी लागली. फोटो बैलगाडीत ठेवून औंधाला यमाईच्या पायावर घालून आणला. पुढं आण्णा स्वतः रजेवर आले, तर फाट्यापासून पताका.

"घरात आलं आन खाली बसलं," आई म्हणाली. "मला म्हनलं, आगं, ते आपलंच इमान हुतं. उतरताना पडलं. आमच्या तोफेनं त्या दिशी एक गोळा उडवला न्हवता. आमाला नुसता पहारा दिलाता त्याच्यावर. आतलं पोरगं माझ्यापरीस बारकं हुतं, मीच धरून बाहेर काढलं. मी म्हनलं, मग सांगा की लोकास्नी. म्हनलं, उद्या सांगतो. उद्या शाळंत सत्कार. परवा तालुक्याला सत्कार. मग रजा सपली. ते सांगायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

"आन तू गप बसलीस?"

"माझा नवरा गावाला आवडाय लागलाता. मी बी आवडून घेतलं." मग म्हणाली, "म्हाळाला आपल्या पत्र्यावर एक पान जादा असायचं, ते कुणाचं हुतं, कवा इचारलंस? तुझ्या आज्याचं झालं, आजीचं झालं, की ते आनि एक वाढायचं, त्या इमानातल्या पोराचं. कुणी इचारलं तर म्हनायचं, पाव्हन्याचं. ते गेल्यावर मी वाढती."

पितृपक्षातल्या त्या पानांवरनं कुणी कावळे हाकलू नयेत म्हणून मी लहानपणी पत्र्याखाली राखण करत बसलेलो आहे. पानं मात्र मी कधी मोजली नव्हती.

आणि मग मला फाट्यावरचं ते वाक्य ऐकू आलं, लोकांच्या तोंडाकडं बघत जगू नगंस. तो माणूस माझ्याबद्दल बोलतच नव्हता. एका उद्याचा परवा झाला म्हणून जन्मभर हार घालून घेत राहिलेला माणूस, आपल्या पोराला तेवढ्यापासनं लांब धाडत होता. माझी लाज त्याला कधी वाटलीच नव्हती. मी गाव सोडलं ते ज्या फोटोच्या धाकानं, तो धाक आम्हा दोघांनाही होता. आम्ही एका घरात राहून एकमेकांना ते कधी सांगितलं नाही.

"आई, आता काय करू?"

"तू काय करतूस? तू हितं हायस कुठं?" ती रागानं नाही म्हणाली. तरी लागलं. "मी बघती."

पुढचं मला अक्कानं सांगितलं. ती त्या दिवशी सांगलीहून मुद्दाम गेली होती. मारुतीच्या देवळापुढं कमानीची बैठक होती, बोर्ड तयार होऊन आला होता. आई काठी टेकत गेली आणि सगळ्यांपुढं म्हणाली, "हे पाडल्यालं लिवलंय ते पुसा. माझ्या मालकानं इमान पाडलं न्हाई. आपल्याच पोराचं मढं बाहेर काढलं आन राखलं. लिवायचं तर ते लिवा, आन त्या पोराचं नाव वर लिवा." मागून एकजण म्हणाला, "आवं काकू, मग ते सगळं सत्कार आता परत घ्यायचं का?" त्यावर म्हणे सगळे हसले, आईसुद्धा. बापू तेवढा हसला नाही. त्यानं बोर्ड उचलला, टेम्पोत घातला आणि निघून गेला.

कमान झाली. तिच्यावर फक्त गावाचं नाव आहे. आण्णांचं नाही, त्या वैमानिकाचंही नाही. इतकं लिहायला गाव अजून तयार नाही, आणि मी कोण लांबून सांगणारा. फोटो छापून मी बिश्वासबाबूंमार्फत त्या वैमानिकाच्या घरी धाडला. घरच्यांनी तो ठेवून घेतला, एवढंच कळलं. ते पाकीट धाडताना वाटत होतं, जणू मीच काही चोरून धाडतोय.

बापू माझ्याशी बोलायचा बंद झाला. दसरा, दिवाळी, पाडवा. मी निरोप धाडायचो, तो बघायचा, उत्तर नाही. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं मुशीपुढं बसलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक असेल, लांब राहिलेल्या माणसाला शिव्या चालतात. गप्प बसणं सोसत नाही. घर म्हणजे आपल्याला जिथलं सगळं पाठ आहे, असं मी समजत होतो. आता मला त्यातलं काय खरं ओळखता येतं, तेच कळेनासं झालं होतं. विमानं ओळखायचंही काही महिने सोडून दिलं होतं.

यंदा पितृपक्षात एका दुपारी मोबाईल वाजला. बापू. वर्षभरानं. शब्द नाही, नुसता फोटो. बापूच्या घराचा पत्रा, वर केळीची पानं मांडलेली, भात, वडे, आमटी. चार पानं एका रांगेत. एक जरा बाजूला, पण भरपूर वाढलेलं. फोटोखाली एकच शब्द आला.

"वळख."

त्या पानाचं त्याला आईनंच सांगितलेलं असणार. मी लिहिलं, "पाव्हण्याचं."

"बरुबर," त्यानं लिहिलं. आणि लगेच, "जेवलास का रं?"

मी जेवलो नव्हतो. "न्हाई अजून," असं लिहिलं.

"मग जेव की. हितं कावळं जेवलं सुदीक."